जाम नदीकाठचा नवा जिल्हा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंड्यासाठी पांढुर्ण्याची माणसे पात्रात उतरतात, सावरगावची त्यांना दगडांनी रोखतात. या गोटमारीत दर वर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासन जमावबंदी लावते आणि त्याच काठावर डॉक्टर, रुग्णवाहिकाही उभ्या करते. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी दगड सुटले नाहीत.

२०२३च्या पोळ्यापर्यंत हे सारे छिंदवाड्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या अखत्यारीत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, मध्य प्रदेशच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. २०२४ची गोटमार नव्या जिल्ह्याची पहिली. बातम्यांनी याकडे प्रशासकीय सोय म्हणून पाहिले. मला मात्र यात १९५६ साली चुकीच्या मापाने मोजलेल्या एका मुलखाची गोष्ट दिसते.

तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. सावरगावच्या मराठी शेतकऱ्याला सरकार म्हणजे रेल्वेने गाठता येणारे नागपूर. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. हद्दी ठरवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरावा, असे आयोगाचे मत पडले. बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य त्याने सुचवले. छिंदवाडा त्यात नव्हता. त्या वेळी सिवनीही छिंदवाड्यातच मोडत होते. एवढ्या मोठ्या हिंदीबहुल जिल्ह्याची गोळाबेरीज केली की दक्षिणेकडच्या मराठी पट्ट्याचा आवाज बुडणारच. बेळगावच्या वादात महाराष्ट्र ‘खेडे हा घटक’ म्हणून आग्रह धरत आला, त्याचे मोल इथे कळते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, सावरगावची राजधानी भोपाळ झाली. घरात मराठी, कचेरीत हिंदी. दवाखाना आणि बाजार मात्र नागपूरचाच राहिला.

अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद ठरवते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानलेच पाहिजे असे नाही. राज्य पुनर्रचना विधेयकात मुंबई राज्याचे तीन वेगळे घटक होते, संसदेने दुरुस्ती करून द्वैभाषिक राज्य केले. याविरुद्ध बाबूलाल पराते न्यायालयात गेले. दुरुस्तीनंतर पुन्हा मत मागवण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. लोकांच्या पदरी इतके कमी माप पडावे, हे मला आजही खटकते. जिल्ह्याची गोष्ट निराळी. तो राज्य सरकार महसूल कायद्याखाली अधिसूचना काढून करते, संसदेत जावे लागत नाही. ज्या घटकाच्या आड १९५६ साली हा मुलूख झाकला गेला, तोच घटक २०२३ साली त्याला एका सहीने मिळाला.

लोकसभेसाठी मात्र पांढुर्णा आणि सौंसर अजून छिंदवाडा मतदारसंघातच आहेत, कारण मतदारसंघाची रेघ वेगळ्या कायद्याने ओढली जाते.

आता प्रश्न शाळेचा. राज्य पुनर्रचनेबरोबरच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आणि ३५०ख आले. ३५०ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो. तो चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. हुकूम काढण्याचा अधिकार त्याला नाही. ३५०कचा रोख अधिक जवळचा आहे. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करायचा आहे. त्या कक्षेत पांढुर्ण्याची नगरपालिका येते, गावोगावच्या पंचायती येतात. भोपाळला निवेदने पाठवण्याआधी मराठी शिक्षकांच्या जागांचा ठराव पांढुर्ण्याच्या नगरसेवकांनीच मांडायला हवा, आणि तो नव्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचायला आता छिंदवाडा गाठावे लागत नाही.