डोमकळीचा शोध आणि नजरेचे शास्त्र

बीड जिल्ह्यातील गेवराई, माजलगाव आदी तालुक्यांत कापूस हे खरिपाचे महत्त्वाचे नगदी पीक आहे. सन 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. ही अळी बोंडात शिरली की प्रवेशाचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. तत्पूर्वी, फुलोऱ्याच्या काळात, तिची दिसणारी खूण म्हणजे डोमकळी. आतील अळी पाकळ्या रेशमी धाग्यांनी जखडते. त्यामुळे फूल नीट उमलत नाही.

ही खूण नजरेतून निसटते, याचे एक कारण नजरेच्या कार्यपद्धतीत आहे. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन व गॅरी जेलाडे यांनी 1980 साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. एखादी वस्तू केवळ रंगाने वेगळी असेल, तर ती गर्दीतही तत्काळ नजरेत भरते. परंतु तपकिरी ‘टी’ व हिरवे ‘एक्स’ यांच्या गर्दीतून हिरवा ‘टी’ शोधताना रंग आणि आकार यांची सांगड घालावी लागते. त्यासाठी अवधान लागते आणि गर्दी वाढेल तसा वेळही वाढतो.

डोमकळीचेही असेच आहे. तिचा फिकट पिवळा रंग ताज्या फुलासारखा, तर मिटलेला आकार हिरव्या पात्यासारखा आणि आदल्या दिवशीच्या, गुलाबी पडलेल्या फुलासारखा असतो. झाडावरून ओझरती नजर फिरविल्यास ती सापडत नाही.

मात्र, माहीत असलेला गुण अवधानाला दिशा देतो, असे जेरेमी वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली मांडले. त्यानुसार, त्या दिवशीची फुले पूर्ण उमलल्यावर पाहणी करावी. प्रथम केवळ पिवळ्या रंगाचा माग घ्यावा. नंतर त्यांतील प्रत्येक फूल उमललेले की मिटलेले, एवढेच तपासावे. हिरवी पाती व गुलाबी फुले आपोआप वगळली जातात आणि काम हलके होते.

वस्तू जितकी विरळ, तितकी ती अधिक वेळा निसटते, असेही वुल्फ यांच्या 2005 मधील प्रयोगांत आढळले. म्हणून आरंभीच्या दिवसांत ‘काही दिसत नाही’ म्हणून परतू नये. ठरविलेली झाडे मोजून पाहावीत.

ग्रामसभेत वा शाळेत खरी डोमकळी, ताजे फूल व शिळे फूल शेजारी ठेवून दाखविल्यास ही ओळख पक्की होईल. सापडलेली डोमकळी अळीसह तोडून नष्ट करावी. पुढे बोंडात शिरणारी एक अळी तेथेच रोखली जाते.