ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही!

ऑक्टोबर छाटणी झालेली, आभाळ भरून आलेले, बागेत डाऊनीचा धोका. आणि नेमके त्याच सकाळी फवारणी पंपाच्या क्रँककेसमधून ऑईल गळू लागले. तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराची ही गोष्ट. बोल्ट जादा आवळल्याने ओतीव ॲल्युमिनियमला बोटभर चीर पडली होती. "साहेब, मिस्त्रीनं टॉर्च धरली अन् लाल व्हायची वाट बघत बसला. लाल काही झालं नाही, भसकन खालीच पडलं!" चिरेच्या जागी भोक पडले, पंप बसला आणि फवारणी दोन दिवस लांबली.

मिस्त्री हुशारच, पण त्याचा हात लोखंडावर बसलेला. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम तसा इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर ओतीव भाग ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यानच पाघळू लागतो. त्यावर ऑक्साईडचा पातळ थर असतो, तो मात्र २००० अंशांनाही दाद देत नाही. हा थर फोडल्याशिवाय सांधा धरत नाही.

कांडी कोणती घ्यावी?

बाजारात दोन प्रकार मिळतात. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेली कांडी ५८० अंशांच्या आसपास वितळते. ती पत्रा व पाईपसाठी, फ्लक्स लावून वापरतात. ओतीव भागावर ती वापरली तर कांडीबरोबर भागही वितळण्याची भीती. अशा भागांसाठी जस्त-ॲल्युमिनियमची, ४०० अंशांच्या आसपास वितळणारी कांडी बरी. तिला बहुधा फ्लक्स लागत नाही. साधी गॅस टॉर्चही लहान भागाला पुरते.

काम कसे करावे?

भाग खोलून डिझेलने धुवावा, मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडा करावा. चिरेत मुरलेले ऑईल तापवल्यावर बाहेर येते, तेव्हा पुन्हा पुसावे. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे पळत नाही. कानशीने चिरेवर इंग्रजी 'व्ही'सारखी खाच करावी आणि स्टेनलेस स्टीलच्या नव्या तारेच्या ब्रशने घासावे. लोखंडावर वापरलेला ब्रश चालत नाही.

ॲल्युमिनियम उष्णता लगेच सगळीकडे पसरवते, म्हणून आधी पूर्ण भाग हळूहळू तापवावा. ज्योत एका जागी धरू नये. आमच्याकडील जुने कारागीर कपड्याच्या साबणाची रेघ ओढतात. ती काळी पडू लागली की टॉर्च जपून चालवतात. त्यानंतर कांडी चिरेवर टेकवून पाहावी. कांडी ज्योतीने नव्हे, भागाच्या उष्णतेने वितळली पाहिजे. वितळलेल्या धातूखाली तारेने खरवडावे, म्हणजे ऑक्साईड फुटून धातू धरतो. मग खाच भरून घ्यावी.

भाग आपोआप थंड होऊ द्यावा, पाणी मारू नये. फ्लक्स वापरला असल्यास थंड झाल्यावर गरम पाण्याने व ब्रशने नीट धुवावा. राहिलेला फ्लक्स ॲल्युमिनियम खातो. तपासणीसाठी बाहेरून खडू घासावा, आत डिझेल भरून रात्रभर ठेवावे. सकाळी खडू ओला दिसला तर गळती राहिली आहे.

हे मात्र करू नये

इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी तिच्याजवळ ज्योत नेऊ नये. आतली वाफ भडकते. ग्रामपंचायतीच्या धुरळणी यंत्राच्या टाकीलाही हेच लागू. औषधाचा पंप आधी स्वच्छ धुवावा. काम मोकळ्या हवेत, चष्मा व हातमोजे घालूनच करावे. दुधाचे कॅन, स्वयंपाकाची भांडी यांना जस्ताची कांडी लावू नये. सिलिंडर हेड, कनेक्टिंग रॉड, वजन पेलणारे भाग सरळ बदलावेत.

ब्रशकटर किंवा लाकूडकटाई यंत्राचा भाग हलका असेल तर विशेष जपावे. तो मॅग्नेशियमचा असू शकतो आणि पेट घेतो. कानशीने थोडे घासून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर टॉर्च लावूच नये.

वरील बागायतदाराने शेवटी नवी क्रँककेस घेतली. जुनी भंगारात टाकली नाही. मिस्त्रीला दिली, हात बसवायला. शेतकरी बंधूंनीही पहिला प्रयोग भंगारातल्या तुकड्यावर करावा. आणि छाटणीच्या आधीच पंप खोलून एकदा पाहावा, म्हणजे आभाळ भरून आल्यावर टॉर्च शोधत पळावे लागणार नाही.