एकाच ग्रंथाचे दोनदा मोल

संत कान्हूराज पाठकांच्या केंदुरात आजोबांची सार्थ ज्ञानेश्वरी, पानांवरील हळदीच्या बोटांसकट, नातवाच्या हाती जाते तेव्हा प्रकाशकाची परवानगी कोणी मागत नाही. कारण १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे चौदावे कलम ग्रंथाच्या प्रती वितरित करण्याचा हक्क देताना आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळते. संगणकीय ग्रंथाची गोष्ट निराळी: तेथे बहुधा खरेदीखत होत नाही, खंडाने जमीन कसावी तसा केवळ वापराचा परवाना मिळतो. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या (पैसे परत दिले, हे खरे), तेव्हा त्या परवान्याचे स्वरूप जगास कळले.

अशा परवान्यापायी एकाच मजकुराचे दोनदा मोल कसे द्यावे लागते, ते एका खेळात दिसते. १९७४ साली अवतरलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात गडी आपापल्या पात्राचा पराक्रम तोंडी सांगतात आणि तो साधला की फसला, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. त्याच्या नियमांचे जाडजूड ग्रंथ पूर्वीच विकत घेतलेल्या मनुष्यासही तोच मजकूर ‘डी अँड डी बियाँड’ या अधिकृत संगणकीय व्यवस्थेत हवा असल्यास पुन्हा दाम मोजावे लागतात. पात्राचे गुणांक आपोआप मांडणाऱ्या यंत्रणेला खर्च येतो, तिचे मोल घ्यावे. परंतु निव्वळ मजकुराची दुबार वसुली मला तरी रास्त वाटत नाही.

आपल्या महसूल खात्यासही ही दोन रूपे एक वाटत नाहीत: छापील पुस्तकास जीएसटी माफ, तर छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ साली ठरलेला दर ५ टक्के.