वारा फिरण्याआधी
(एकट्याने समुद्रावर : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात शिडाला वाऱ्याचा जोर कसा मिळतो ते पाहिलं. आज पाहू, तो वारा फिरला की काय होतं. मोठ्या ताफ्याच्या बोटीवर हाक मारली की माणसं शिडांकडे धावतात. एकट्याच्या शर्यतीत सुकाणू, शिडं, नकाशा आणि स्वयंपाक सगळं एकाकडेच, आणि त्याला झोपायचंही असतं.

'गोल्डन ग्लोब' शर्यतीत हा पेच सर्वांत उघडा दिसतो. १९६८ साली नऊ जण निघाले. पुरी केली फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या सागवानी बोटीतून ते ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. २०१८ मध्ये ही शर्यत पुन्हा सुरू झाली ती त्या काळच्याच साधनांवर : सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. जीपीएस नाही, विजेवरचा ऑटोपायलट नाही.

मग खलाशी झोपला की सुकाणू कोण सांभाळतं? विंडवेन. बोटीच्या मागच्या टोकाला उभं केलेलं हे पातं वाऱ्याने कलतं आणि सुकाणू वळवून बोट वाऱ्याशी ठरलेल्या कोनात ठेवतं. वीज लागत नाही, थकवा येत नाही. पण त्याला वारा कळतो, दिशा कळत नाही. वारा वळला की बोटही तेवढीच वळते.

दक्षिण महासागरात बोटी पूर्वेकडे जातात आणि कमी दाबाचे पट्टे एकामागून एक त्यांच्यावरून सरकतात. थंड हवेची आघाडी येण्याआधी वारा वायव्येचा असतो. ती गेली की नैऋत्येचा होतो, कधी काही मिनिटांतच. हा काटकोन खलाशाच्या झोपेत झाला, तर पूर्वेला निघालेली बोट उत्तरेचा रस्ता धरते. शिवाय लाटा वाऱ्याइतक्या लवकर वळत नाहीत. वायव्येच्या जुन्या लाटांवर नैऋत्येच्या नव्या चढतात, आणि त्या आडव्यातिडव्या समुद्रात बोट कलंडण्याचा धोका सर्वांत मोठा.

म्हणून जाणता खलाशी बॅरोमीटर पाहत राहतो. दाब उतरू लागला, ढग खाली आले, वायव्येचा जोर वाढला, की वारा वळायची वाट न पाहता तो शीड आखूड करतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : २० नॉटचा वारा ३० झाला, तर शिडावरचा भार सव्वादोन पट होतो. तेव्हा दोन हात पुरत नाहीत. थोडा वेग आधीच सोडणं हा भित्रेपणा नव्हे. शर्यत पुरी करण्याची तीच रीत आहे.

तरीही समुद्र हमी देत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब'च्याच शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळाने भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' उलटवली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि कर्स्टन नॉइशेफर यांच्या मागोमाग दुसरे आले. ही जिद्द मला थोर वाटते, कारण ती वाऱ्याची ताकद पुरती ओळखून केलेली आहे.

पुढच्या आठवड्यात : तुकड्यातुकड्यांनी झोपण्याचं शास्त्र.