सेवेची पहिली भाषा

फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्रीं १८८५ सालापासून स्वयंसेवकांचा एक संघ रुग्ण यात्रेकरूंची सेवा करीत आला आहे. परदेशाहून आलेल्या नव्या सेवकास तेथें आरंभीं वाटतें कीं, चाकांची खुर्ची ढकलण्यास फ्रेंच कशाला हवी? परंतु न विचारतां खुर्ची हलविणें म्हणजे मनुष्यास ओझें लेखणें होय. म्हणून प्रथम ‘व्हू’ हा आदरार्थी शब्द शिकावा. आपल्या ‘तुम्ही’सारखाच तो आहे. पुढें एखादी वृद्धा आपलें वय ‘कात्र-व्हँ’ सांगते. त्याचा शब्दशः अर्थ ‘चार विसा’, म्हणजे ऐंशी! आमच्या खेड्यांतील आजीबाईही विसांनींच मोजीत. सेवकाचा उच्चार चुकतो, वृद्धा हंसून सुधारते. तेव्हां रुग्ण गुरु होतो व सेवक शिष्य. सेवेंतील अहंकार गळण्यास याहून उत्तम उपाय आम्हांस दिसत नाहीं.