माहितीचा ढीग आणि मुद्द्याचा निबंध

आमच्या शहरात, म्हणजे बडोद्यात, जुन्या वस्तीत एक वाडा आहे. त्याच्या दारावर संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर साल कोरलंय १७६१. ते साल चुकीचं आहे, आणि ती चूक माझी आहे. निबंध कसा लिहावा हे सांगायचा मला काही अधिकार असेल, तर तो या पाटीमुळेच.

मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करत आलो. इतिहास हा रविवारचा उद्योग. मोडी शिकलो, घरोघरचे कागद बघू लागलो. या वाड्याच्या मालकांकडे घराच्या जागेचा एक इनामी कागद मिळाला. त्यावर सन शब्दांत होता, ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७१. महिना पावसाळ्यातला. मी त्यात ५९० मिळवले, आलं १७६१. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. दमाजीराव गायकवाड तिथून सुखरूप परत आले होते. मग काय, लगेच जुळवून टाकलं: पानिपतावरून दमाजीरावांबरोबर परतलेल्या माणसाला बक्षीस म्हणून जागा मिळाली आणि त्यानं त्याच साली हा वाडा बांधला. चाळीस पानांचा निबंध झाला. घरच्यांना इतका आवडला, की वाचनाच्या आधीच त्यांनी पाटी करून लावली.

मंडळात वाचन झालं, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी दोनच प्रश्न विचारले. “हा सन सुहूर की फसली?” आणि “जागा मिळाली म्हणजे वाडा बांधला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन सुहूर असतो. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर ६००. मी फसलीचे ५९० मिळवले होते. खरं साल निघालं १७७०. दमाजीराव वारले १७६८ मध्ये. म्हणजे कागद झाला तेव्हा ते हयातच नव्हते, फत्तेसिंगराव आणि गोविंदराव यांचा गादीचा वाद चालू होता. नऊ वर्षांच्या फरकानं माझं सगळं पानिपत वाहून गेलं.

दुसरा प्रश्न मात्र जास्त जिव्हारी लागला. आकडेमोड एका मिनिटात दुरुस्त होते. पण साल बरोबर असतं, तरी माझा निबंध टिकला नसता.

दावा, पुरावा आणि मधला दुवा

त्याच सुमारास माझा पुतण्या अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. तिकडे बहुतेक विद्यापीठांत विषय कुठलाही असो, सुरुवातीला ‘कॉम्पोझिशन’चा वर्ग करावा लागतो. त्यात सुविचारांनी भरलेला निबंध चालत नाही. एक वादाचा मुद्दा घ्यायचा, ग्रंथालयात शोध घ्यायचा आणि आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं. पुतण्या कुरकुरत होता, “काका, मला मशीन शिकायचंय, हे कशाला?” मी त्याच्याकडून वर्गातली टिपणं मागवली. तो पास होऊन विसरला, मी अजून वापरतो.

अशा वर्गांत बऱ्याच ठिकाणी स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाची मांडणी शिकवतात. त्याचं ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ हे पुस्तक १९५८ चं. त्याचं म्हणणं असं, की कुठल्याही युक्तिवादाचे सहा भाग सुटे करून पाहता येतात. माझ्या मराठीत सांगतो: दावा, पुरावा, पुराव्यापासून दाव्यापर्यंत नेणारा दुवा, त्या दुव्याला आधार, दाव्याची मर्यादा आणि समोरच्याची हरकत.

यातला दुवा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. माझा दावा होता, वाडा अमुक साली बांधला. पुरावा होता, त्या साली जागा मिळाली. मधला दुवा काय? ‘जागा मिळाली की माणूस लगेच घर बांधतो.’ हे वाक्य चाळीस पानांत कुठेच नव्हतं. लिहिलं असतं, तर मलाच हसू आलं असतं. आपल्यापैकी किती जणांचे प्लॉट वीस वीस वर्षं मोकळे पडलेत!

गंमत म्हणजे कारखान्यात मी हे रोज करत होतो. बेअरिंग जळालं तर ‘जुनं होतं’ एवढ्यावर अहवाल कोणी घेत नाही. तेल कमी होतं का, अलाइनमेंट बिघडली होती का, आणि त्यामुळे ते असंच कसं जळालं, हे दाखवावं लागतं. इतिहासाकडे वळल्यावर मात्र ही शिस्त मी गेटवरच ठेवून आलो. आपल्याकडेही आधी पूर्वपक्ष मांडून मग उत्तरपक्ष करायची शास्त्रार्थाची रीत जुनीच आहे. आपण ती प्रवचनापुरती ठेवली.

एक नीट लढवलेला वाद

हे सहाही भाग एका जागी पाहायचे, तर शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद पाहावा. जुनी समजूत होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७. तिचा मुख्य आधार बखरींचा. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार.

दावा झाला: जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. पुरावा शकावलीचा. दुवा असा, की महाराजांच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या घराण्यानं जपलेली सालवार नोंद ही मागाहून रचलेल्या कथेपेक्षा तारखेच्या बाबतीत जास्त भरवशाची. दुव्याला आधार असा, की चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि बखरींची या बाबतीत आपसातही एकवाक्यता नाही.

हरकत घेणारा म्हणेल, शकावली लिहिताना चूक झाली असेल तर? म्हणून कोणी एका कागदावर थांबलं नाही. परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यात तीच तिथी निघाली. राजस्थानात मिळालेल्या कुंडलीतही तीच. तीन वेगळे हात, लिहिण्याची तीन वेगळी कारणं आणि तिथी एकच. कारखान्यात तीन वेगळ्या लाइनींवरचे गेज एकच दाब दाखवू लागले, की आपण गेजवर संशय घेणं थांबवतो, तसंच हे.

एक पडताळा आपल्याला घरी करता येतो. फाल्गुन जानेवारीनंतर येतो, म्हणून शके १५५१ मध्ये ७८ नाही, ७९ मिळवायचे. मग १६३० च्या १९ फेब्रुवारीचा वार काढा. शुक्रवारच येतो. मर्यादाही सांगायला हवी: ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्च होतो.

लिहायला बसण्यापूर्वी

आता मी चार गोष्टी पाळतो. निबंधाचा दावा आधी एका वाक्यात लिहितो. जमला नाही तर माझ्याकडे नुसती माहिती आहे, निबंध नाही. एका कार्डावर एकच नोंद, सोबत दप्तर आणि पान, कागदातले शब्द अवतरणात आणि माझा तर्क कार्डाच्या मागे, म्हणजे सहा महिन्यांनी दोन्हींची सरमिसळ होत नाही. तिसरं, माझ्या विरुद्ध जाणारा सगळ्यात जड पुरावा मीच शोधतो आणि निबंधात आधी मांडतो. आणि जेवढं सिद्ध झालं तेवढंच म्हणतो.

वाड्याचा निबंध मी पुन्हा लिहिला, सहा पानांचा. दावा एवढाच: ही जागा १७७० साली इनाम मिळाली. वाडा त्यानंतर कधीतरी बांधला. गादीच्या वादात कुणाची बाजू घेतल्यामुळे इनाम मिळालं का, हा प्रश्न म्हणून लिहिलंय, उत्तर म्हणून नाही. पानिपताचा उल्लेख नाही.

घरच्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, पाटी मात्र काढली नाही. पैसे घालून लावलेली, कोण काढणार? परवा एका नवख्या अभ्यासकानं मला त्या वाड्यावरचं टिपण दाखवलं. त्यात साल होतं १७६१, आणि पुरावा म्हणून जोडला होता पाटीचा फोटो. मी त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, “ही पाटी कुणी लावली, कधी, आणि कशाच्या आधारानं?”