खिळ्यावाचून उभी राहणारी खुर्ची

छत्रपती संभाजीनगर शहराच्या एका भागास आजही ‘छावणी’ म्हणतात. फिरत्या राज्यकारभाराशी या भूमीचा संबंध जुना आहे. १६८२ मध्ये औरंगजेब येथे आला आणि १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचा बराचसा काळ दख्खनमधील तळांवर गेला. अशा तळाचा व्याप केवढा असे, याची कल्पना त्यापूर्वीच्या ‘आईन-इ-अकबरी’वरून येते. अकबराचा तळ हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट व ४०० गाड्या लागत, अशी त्यात नोंद आहे.

जे सामान वारंवार उकलावयाचे आणि उभारावयाचे, त्याचे सांधे कायमचे जखडून चालत नाही. ब्रिटिश लष्करात वापरली जाणारी ‘रूरकी’ खुर्ची हे याचे उत्तम उदाहरण होय. उत्तराखंडातील रूरकी गावावरून तिला हे नाव पडले. तिच्या चार पायांना निमुळती भोके असतात व आडव्या दांड्यांची टोके तशीच निमुळती तासलेली असतात. खिळा नाही, सरस नाही. बसणाऱ्याच्या भाराने बैठकीचे जाड कापड ताणले जाते, बाजूचे दांडे आत ओढले जातात आणि सांधे अधिकच आवळतात. सांधे किंचित हलते असल्याने उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. १९३३ मध्ये डेन्मार्कचे कारे क्लिंट यांनी याच धर्तीवर आपली प्रसिद्ध ‘सफारी’ खुर्ची घडविली.

ही विद्या आपल्या सुतारांस परकी नाही. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात ठोकून बसवितात. वर तापविलेली लोखंडी धाव चढविली की ती निवताना सारे चाक आवळून धरते. येथे लोखंड, तेथे कापड, एवढाच फरक. बैलगाड्यांबरोबर सुताराचे काम घटले. हात बसले की ही जाणही लोपेल.

ग्रामसभा, आरोग्य शिबिर, शाळेचे संमेलन यांसाठी नेण्या-आणण्यास सोपी व गावातच दुरुस्त होणारी आसने उपयुक्त ठरतील. एक दांडा मोडला तर तेवढाच बदलता येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून, तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या कर्जाची तरतूद आहे. योजनेची माहिती गावातील सुतारापर्यंत पोहोचविणे आणि असे एखादे काम त्याच्या हाती सोपविणे, या दोन्ही गोष्टी पंचायतीस करता येण्याजोग्या आहेत.